रेडिएटरच्या जोडावरून कूलंट गळतंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की सांगली-मिरजेत एसीच्या तक्रारींबरोबर आणखी एक तक्रार सुरू होते. गाडीखाली कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, हिरवा नाहीतर गुलाबी डाग, कूलंटच्या बाटलीतली पातळी उतरलेली, आणि गॅरेजवाल्यानं क्लिप आवळून दिल्यावर आठवड्यात पुन्हा तेच. खालचे प्रश्न त्याच तक्रारीचे आहेत. गाडी पेट्रोलची असो, डिझेलची असो की सीएनजीची, इंजिन थंड ठेवायची व्यवस्था सारखीच. फक्त जोडांच्या जागा बदलतात.

गाडीखाली ओल दिसतेय. कूलंटच आहे हे कशावरून ओळखायचं?

एसीचं पाणी स्वच्छ असतं, त्याला वास नसतो आणि ते बहुतेक गाड्यांत पुढच्या डाव्या सीटसमोरच्या बाजूला टपकतं. कूलंट बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो आणि वाळल्यावर पांढरट किंवा रंगीत पापुद्रा मागं राहतो. खात्री करायची तर रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. तासगावकडच्या द्राक्षांच्या पेटीचा कोरा पुठ्ठा उत्तम, डाग झकास उठतो. चव घेऊन बघणारे महाभागही असतात. तसलं काही करू नका, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

डाग जिथं पडला तिथंच वर गळती असेल असं मात्र धरून चालू नका. थेंब खालच्या पत्र्यावरून ओघळत हातभर लांब जाऊन पडतो.

रेडिएटरला एकूण जोड तरी किती असतात?

वरचा जाड होज (रबरी नळी), खालचा जाड होज, टोपणाजवळून बाटलीकडे जाणारी बारीक नळी, तळाशी पाणी सोडायचा ड्रेन कॉक, काही गाड्यांत हवा काढायचा स्क्रू. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असलेल्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर ऑइल थंड करायच्या दोन नळ्याही रेडिएटरलाच येतात. एएमटीवाल्यांनी (साधाच गिअरबॉक्स, फक्त गिअर आपोआप बदलतात) ती काळजी करायचं कारण नाही.

जोड दोन जातींचे. एकात रबरी होज रेडिएटरच्या मानेवर, म्हणजे बाहेर आलेल्या नळीसारख्या तोंडावर, चढवून वरून क्लिप लावतात. दुसऱ्यात होजच्या टोकाला प्लॅस्टिकची कपलिंग असते, आत ओरिंग (गोल रबरी कडी) आणि बाहेरून तारेची क्लिप. दुसऱ्या जातीत आवळायला काहीच नसतं, तरी लोक तिथंही पक्कड घेऊन जातात.

क्लिप दोनदा आवळली, तरी गळतंय. असं का?

कारण क्लिप क्वचितच दोषी असते. आताच्या बहुतेक गाड्यांत रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही टोकांच्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या असतात. वर्षानुवर्षं तापून-निवून हे नायलॉन ठिसूळ होतं. होजचं रबर क्लिपखाली दबून कडक होतं आणि दाबाचा वळ तसाच राहतो. मान आणि रबर यांच्यामध्ये वाळलेल्या कूलंटचा आणि क्षाराचा थर बसतो, त्या थराच्या खडबडीतून कूलंट वाट काढतं. अशा जोडावर तुम्ही पेचाची क्लिप आणखी पिळली की पट्टी रबरात रुतते, प्लॅस्टिकची मान दबते आणि केसाएवढी चीर पडते. म्हणजे शंभर-दोनशे रुपयांत मिटणारं काम रेडिएटर बदलण्यावर जातं.

कंपनीतून बऱ्याच गाड्यांना स्प्रिंगची क्लिप येते. मान तापून फुगली, निवून आकसली, तरी स्प्रिंग तिच्याबरोबर हलते आणि पकड तेवढीच ठेवते. गॅरेजमध्ये ती काढताना वाकते किंवा हरवते, मग जवळ असलेली पेचाची क्लिप बसवली जाते. पेचाच्या क्लिपला ही लवचिकता नसते. ‘डिसेंबरात सकाळी गळतं, इंजिन तापलं की थांबतं’ ही तक्रार बहुतेकदा अशाच जोडाची. माझं मत विचाराल तर जिथं स्प्रिंगची क्लिप होती तिथं स्प्रिंगचीच नवी लावावी.

आणखी दोन कारणं सहसा कुणी बघत नाही. रेडिएटर ज्या रबरी बुशांवर बसतो ते बुश किंवा इंजिनाची माउंटिंग बसली असतील, तर प्रत्येक खड्ड्याला होज मानेला हिसका देतो. खराब रस्त्यावर रोज ये-जा असेल तर हे आधी तपासा. आणि टोपणाची झडप अडकली असेल, तर दाब प्रमाणाबाहेर वाढून सगळ्यात कमजोर जोड आधी सुटतो.

टोपणाचा आणि गळतीचा काय संबंध?

टोपण म्हणजे कुकरची शिट्टी समजा. त्यावर ०.९, १.१ असा आकडा असतो. साधारण तेवढ्या बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) दाब साठू द्यायचा, जास्त झाला की कूलंट बाटलीत सोडायचं आणि इंजिन निवलं की परत ओढून घ्यायचं, हे त्याचं काम. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०७-१०८ अंशांना उकळतं. एक बार दाब मिळाला की १२५ च्या पुढं जातं. दाब टिकला नाही तर गळती न होताही गाडी तापते. टोपणाची रबरी बैठक कडक झालेली किंवा चिरलेली दिसली की टोपण बदला, आणि त्याच आकड्याचं घ्या. ‘जास्त आकड्याचं लावलं की गाडी थंड राहते’ असं सांगणाऱ्याचं ऐकाल तर जुने जोड एकेक करून सुटतील.

नेमकी गळती घरी कशी शोधू?

सकाळी, गार इंजिनावर, विजेरी घेऊन. खालचं प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर ते काढावं लागेल. ओल खाली पसरते, म्हणून तळापासून वर बघत जा आणि सगळ्यात उंचावरची ओली किंवा पापुद्र्याची जागा गाठा. गळती तिथं किंवा तिच्या किंचित वर असते. होजच्या टोकाला क्लिपबाहेर पापुद्र्याचं कडं दिसलं तर जोड. मानेच्या मुळाशी, जिथं ती टाकीला मिळते तिथं पापुद्रा असेल तर चीर. प्लॅस्टिकची टाकी आणि जाळी यांच्यामध्ये दुमडलेल्या पत्र्याच्या दातऱ्यांतून ओल असेल तर आतलं गॅस्केट (फट बंद करणारी रबरी पट्टी) गेलं. त्याला होज बदलून काही होणार नाही.

डोळ्यांना दिसत नसेल तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्ट मागा. टोपणाच्या जागी हातपंप बसवतात आणि टोपणावरच्या आकड्याइतका दाब भरून दहा-पंधरा मिनिटं काटा बघतात. इंजिन गार असताना दाब मिळत असल्यामुळं भाजायची भीती नाही आणि थेंब जिथून येतो तिथं तो समोर दिसतो. ही टेस्ट न करता थेट ‘रेडिएटर गेला’ म्हणणाऱ्याकडं गाडी सोडू नये.

थोडंच गळतंय. अशीच चालवली तर?

गावातल्या गावात, रोज सकाळी पातळी बघून, चार-दोन दिवस चालेल. सांगलीहून पेठ नाक्यापर्यंतसुद्धा जाल. पण पुण्याहून परतताना खंबाटकीचा चढ, कोकणात उतरून परत येताना आंबा घाट, भर उन्हात, एसी चालू, पाच माणसं आणि सामान, अशा वेळी रुमालभर ओलीची धार व्हायला वेळ लागत नाही. इंजिन एकदा जोरात तापलं की ॲल्युमिनियमचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतं, हेड गॅस्केट जातं आणि बिल हजारांत येतं.

काट्यानं तापल्याचं दाखवलंच नाही, तरी इंजिन गेलं. हे कसं?

तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट उतरून सेन्सर उघडा पडला की तो नुसती हवा आणि वाफ मोजतो, काटा मधेच राहतो किंवा चक्क खाली येतो. हल्ली कित्येक गाड्यांना काटाच नसतो. निळा आणि लाल दिवा एवढंच. म्हणून दुसरी खूण लक्षात ठेवा: हीटर लावला आणि इंजिन तापलेलं असूनही गार हवा आली, तर आत कूलंट नाही. गाडी तिथंच बाजूला घ्या.

वरचा किंवा खालचा होज स्वतः बदलता येतो का?

येतो, घाई नसेल तर. इंजिन पूर्ण गार हवं. रात्रभर उभी गाडी सगळ्यात चांगली. टोपणावर जाड फडकं टाकून हळू फिरवा. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा चावी बंद असतानाही फिरू शकतो, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. खाली पसरट टब ठेवा. वरच्या जोडाचं काम असेल तर सगळं कूलंट सोडायची गरज नाही, त्या जोडाच्या खाली पातळी आली की पुरे.

ड्रेन कॉकबद्दल एक सूचना. तो प्लॅस्टिकचा असतो आणि वर्षानुवर्षं न उघडलेला असला तर फिरवताना तुटतो किंवा बंद केल्यावर ठिबकायला लागतो. तसा असेल तर त्याला हात न लावता खालचा होज सोडूनच कूलंट काढा. थोडं हातावर सांडेल, पण नवं दुखणं उभं राहणार नाही. उघडलाच तर त्याची ओरिंग नवी टाका आणि बंद करताना फक्त बोटांचा जोर लावा.

होज निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर आत घालून उचकटू नका, मान तिथंच तुटते. आधी हातानं गोल फिरवून सोडवा. तरीही नाही निघाला तर तो टाकायचाच आहे, ब्लेडनं लांबीत चीर देऊन सोलून काढा. पातं मानेला लागू देऊ नका. मग मानेवरचा पापुद्रा ओल्या फडक्यानं आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीनं हलक्या हातानं काढा. धातूच्या मानेला बारीक पॉलिश पेपर चालतो, प्लॅस्टिकला नको. बोटाचं नख मानेभोवती फिरवा. कुठं अडकलं तर तिथं चीर किंवा खाच आहे, आणि नवा होज आणून उपयोग नाही.

नवा होज चढवताना मानेला थोडं कूलंट लावा. ग्रीस, इंजिन ऑइल, खोबरेल यातलं काही नको. होज शेवटच्या थांब्यापर्यंत ढकला. मानेच्या टोकाला उंचवट्याचं कडं असतं. क्लिप त्या कड्याच्या पलीकडं, म्हणजे रेडिएटरच्या बाजूला, आणि होजच्या टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत बसली पाहिजे. कड्यावर बसवलेली क्लिप कितीही आवळा, सरकणारच. पेचाची क्लिप असेल तर साध्या स्क्रू ड्रायव्हरनं, मनगटाच्या जोरावर. होज हातानं फिरेनासा झाला की थांबा.

कपलिंगवाला जोड असेल तर?

तारेची क्लिप वर ओढा, होज सरळ मागं ओढा. वाकडातिकडा हिसका देऊ नका. आतली ओरिंग काढून खाच पुसा, नवी ओरिंग पीळ न पडू देता बसवा, कूलंट लावून जोड आत ढकला. ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. मग एकदा उलटं ओढून बघा. आवाज आला नाही आणि तरी बसल्यासारखं वाटतंय, असा जोड रस्त्यात निसटतो.

ओरिंग हार्डवेअरच्या दुकानातली चालेल का?

माप जुळलं तरी रबर जुळायला हवं. कूलंटसाठी ईपीडीएम रबर लागतं. नळाच्या किंवा हायड्रॉलिकच्या कामाच्या ओरिंग बहुतेक नायट्राइलच्या असतात. तेलात त्या उत्तम, गरम कूलंटमध्ये लवकर कडक होतात. उलट ईपीडीएमला तेलाचं वावडं असतं, ते फुगतं आणि मऊ पडतं. म्हणूनच वर ग्रीस नको म्हटलं. काही लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस. दुकानदाराला ‘कूलंटची ओरिंग’ म्हणून गाडीचं नाव सांगून मागा, दहा-वीस रुपयांचा प्रश्न असतो.

टेफ्लॉन टेप, सिलिकॉन गॅस्केट, एम-सील, यातलं काय लावू?

बहुतेक जोडांना यातलं काहीच नाही. टेफ्लॉन टेप निमुळत्या आट्यांसाठी असते, जिथं आटेच पाणी अडवतात. रेडिएटरच्या स्क्रूला किंवा सेन्सरला ओरिंग वा वॉशर अडवतो. तिथं टेप गुंडाळली की स्क्रू जाड होतो आणि प्लॅस्टिकची बैठक फुटते. होजखाली सिलिकॉन फासलं तर आज गळती थांबेल, पण पुढच्या वेळी होज निघणार नाही आणि निघालेले तुकडे आत जाऊन जाळीत अडकतील. एम-सील चिरलेल्या मानेवर घरापर्यंत पोचण्यापुरतं. दाब, उष्णता आणि नायलॉनचा गुळगुळीतपणा या तिघांपुढं ते टिकत नाही.

मानच तुटली. पूर्ण रेडिएटर घ्यावा लागेल?

दोन रस्ते. रेडिएटरचं काम करणारे कारागीर पत्र्याचे दात उलगडून फक्त प्लॅस्टिकची टाकी बदलतात, नवं गॅस्केट घालतात आणि दात परत दुमडतात. जाळी चांगली असेल तर हे काम एकदा नीट होतं. दुसऱ्यांदा दात तुटायला लागतात. गाडी आठ-दहा वर्षांची, जाळीच्या पात्या बोट लावताच भुगा होतायत, अशी अवस्था असेल तर पूर्ण रेडिएटरच घ्या. लहान गाडीचा तीन-चार हजारांपासून मिळतो. तेव्हाच दोन्ही होज, क्लिपा आणि टोपण बदला.

आमची जुनी जीप आहे, तांब्या-पितळेचा रेडिएटर. तिलाही हेच?

तिला डाख लागतो. मान सैल झाली किंवा टाकीची शिवण उघडली तर जुना कारागीर साफ करून डाख देतो आणि पाण्यात बुडवून हवेनं तपासतो. जुन्या ट्रॅक्टरांचंही तेच. हे रेडिएटर दुरुस्त होतात, भंगारात देऊ नका.

रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते म्हणतात. खरं आहे?

हा प्रश्न सांगलीत विचारला जाणारच. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हरिपूरच्या पेवांत ती पिढ्यान् पिढ्या साठवली गेली, आणि ट्रकवाल्यांनी ती रेडिएटरमध्येही घातली. थांबते, हे खरं. हळदीतला स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि कणांसकट बारीक छिद्रात जाऊन बसतो. पण तो छिद्र निवडून बसत नाही. ॲल्युमिनियमच्या जाळीच्या नळ्या अरुंद असतात, हीटरच्या त्याहून अरुंद, आणि थर तिथंही बसतो. जुन्या पितळी रेडिएटरात, आडरानात, दुसरा इलाज नसताना ठीक. आणि जोडाच्या गळतीवर तर हळदीचा काडीचाही उपयोग नाही, कारण तिथली फट होज हलेल तशी उघडझाप करते. बाटलीतून मिळणाऱ्या ‘लीक बंद’ औषधांबद्दलही माझं मत फार वेगळं नाही.

कूलंटमध्ये कुठलं पाणी मिसळू? जतला बोअरचंच पाणी आहे.

बोअरचं नकोच. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या जड पाण्याचे क्षार सगळ्यात गरम जागी, म्हणजे हेडमध्ये, थर धरतात. सांगलीतलं नळाचं पाणीसुद्धा पिण्यासाठी आहे, रेडिएटरसाठी नाही. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घ्या. घेताना कॅनवरचं नाव वाचा, शेजारीच ॲसिडचेही कॅन असतात. किंवा तयार मिसळलेलं कूलंट घ्या, त्यात पाणी घालायचं नसतं.

रंगावर जाऊ नका. हिरवं-लाल ही कंपन्यांची सोय आहे, प्रमाण नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार बघा आणि आधी कुठलं होतं ते माहीत नसेल तर सगळं काढून, धुऊन, नवं भरा.

भरल्यावर हवा कशी काढायची?

गाडीचं नाक चढावर येईल अशी लावा, हँडब्रेक पक्का, चाकाला दगड. हीटर पूर्ण गरमवर. सावकाश भरा, मधूनमधून वरचा होज हातानं दाबा, बुडबुडे येतील. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत उघडा ठेवा. मग इंजिन चालू करून पातळी उतरेल तसं भरत राहा, ती स्थिरावली की टोपण लावा आणि पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत थांबा. दुसऱ्या दिवशी गार असताना पातळी पुन्हा बघा. थोडी उतरलेली असते, तेवढी भरली की झालं. तिसऱ्या दिवशीही उतरली तर कुठंतरी अजून गळतंय.

सगळे जोड कोरडे आहेत, तरी बाटली रिकामी होते.

मग वॉटर पंपाखालच्या छोट्या छिद्राशी डाग बघा, आणि पुढच्या सीटखालची मॅट उचलून ओल बघा, हीटरची जाळी गळत असेल तर तिथं येते. दोन्ही नसेल, धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा बाटलीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट. ऑटोमॅटिक गाडीत बाटलीत गुलाबी, दाट, फेसाळ काही दिसलं तर गिअर ऑइल आणि कूलंट एकत्र झालंय. गाडी एक किलोमीटरही चालवू नका, टोइंग बोलवा.

घाटात तापली तर नेमकं काय करू?

एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली, जागा बघून बाजूला. धार लागली नसेल आणि पंखा फिरत असेल तर मिनिटभर इंजिन चालू राहू द्या. धार असेल तर ताबडतोब बंद. बोनेट उघडा, टोपणाला हात लावू नका. निदान पाऊण तास. इंजिनावर बाटलीनं पाणी मारू नका, तापलेल्या धातूला तडा जातो. निवल्यावर साधं पाणी भरून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं, त्या वेळी बोअरचं-नळाचं बघत बसू नये. होज फाटला असेल तर वाळवून त्यावर ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि तारेनं बांधा. मानेच्या चिरेवर हा उपाय चालत नाही.

आमची गाडी २०१९ च्या पुरात होती. त्याचा संबंध असेल का?

असू शकतो. पुराचा गाळ एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर जागेत साचतो आणि तिथं ओल धरून ॲल्युमिनियम खातो. बाहेरून गाडी धुतली तरी ती जागा धुतली जात नाही. रेडिएटर कधी खाली उतरवलात तर मागून पुढं हलक्या पाण्यानं धुऊन घ्या. जोरदार फवाऱ्यानं पात्या वाकतात.

इन्शुरन्समध्ये बसतं का?

जुनाटपणामुळं झालेली गळती नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. तापलेली गाडी तशीच रेटून इंजिन गेलं तर तेही सहसा नाकारतात. अपघातात रेडिएटर फुटला तर गोष्ट वेगळी.

काढलेलं जुनं कूलंट कुठं टाकू?

गटारात नको, अंगणात नको, कृष्णेकाठी तर नकोच. गोडसर असल्यानं कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्या कूलंटनंही दगावतात. सांडलेलं आधी मातीनं किंवा भुशानं टिपून घ्या, मग जागा भरपूर पाण्यानं धुवा. बाकीचं झाकणाच्या कॅनमध्ये भरा आणि वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथं द्या. तोवर कॅनवर मार्करनं मोठ्या अक्षरांत ‘कूलंट, विषारी’ लिहा आणि वरच्या फळीवर ठेवा. सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची सवय काही घरांत असते, ती मोडा.